ओल्या दुपट्ट्यानं पंपाचं निदान होत नाही

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, तोंडावर आला आणि गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागलाय. मजकूर थोडक्यात असा: ‘इंजेक्शनची जुनी पेट्रोल गाडी भरदुपारी गरम असताना लंबा सेल्फ मागत असेल तर पेट्रोलचा पंप गेला समजा. खात्री करायची तर पंपावर ओला दुपट्टा टाका, चालू झाली की पक्कं. गेज लागत नाही, नळी ढिली करून पिचकारी पाहा. प्रेशर पाच बार पाहिजे. कमी वाटलं तर रिटर्नची नळी दोरीनं आवळा, पिकअपही वाढतो. फिल्टर हवा मारून परत लावा.’ (लंबा सेल्फ म्हणजे स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागणं, गेज म्हणजे दाब मोजायचं यंत्र, बार हे दाबाचं एकक, आणि रिटर्न म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी.)

एस्टीम, झेन, जुनी बलेनो या मारुती-सुझुकी गाड्यांचं उत्पादन २००६-०७ मध्येच थांबलं. एस्टीम आणि झेन एकेकाळी रॅलीत पळायच्या, म्हणून हौशी लोक त्या अजून जपतात. हा मेसेज वाचून त्यांचे पंप बदलले जातात, आणि त्रास तसाच राहतो.

‘लंबा सेल्फ म्हणजे पंप गेला.’ इथंच मोठी गडबड आहे. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. चालत्या गाडीत ते उकळत नाहीत, कारण पंप त्यांना दाबाखाली ठेवतो. गाडी बंद केली की इंजिनची धग वर चढते आणि रेलमधलं, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या नळीतलं, पेट्रोल तापतं. अकोला-चंद्रपूरकडे ४५ अंशांत बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. तेवढा वेळ दाब टिकला तर पेट्रोल द्रवच राहतं. दाब गळाला तर रेलमध्ये वाफ भरते, आणि ती बाहेर पडेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं. म्हणजे पंप दाब देतोय की नाही हा एक प्रश्न, आणि गाडी बंद झाल्यावर दाब टिकतोय की नाही हा दुसरा.

फुकटची तपासणी आधी करा. गरम गाडीत चावी ऑन करा, दोनेक सेकंद मागं पंपाची घुरघुर ऐका, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर पंप दाब देतोय, फक्त दाब मधल्या वेळात गळतोय. काहीच फरक पडला नाही तर पेट्रोलवरच अडून बसू नका. ठिणगी देणारी कॉइल, किंवा इंजिनचं फिरणं ओळखणारा क्रँक किंवा कॅमचा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतात, स्पार्क पाहा.

आता गेज. ० ते ७ बारचं, टी-जोडासह, फिल्टर आणि रेलच्या मध्ये. नळी उघडण्याआधी पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) काढून गाडी चालू करा. आपोआप बंद पडेल. वर दोन-तीन सेकंद सेल्फ मारून उरलेला दाब घालवा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. जोड लागला की रिले आणि बॅटरी परत लावा. नळी इंजेक्शनच्या दाबाचीच घ्या. कार्ब्युरेटरची नळी इथं सुटते.

रिटर्न नळी असलेल्या या सुझुकी इंजिनांना पंप चालू आणि इंजिन बंद असताना २.७ ते ३.१ बार दाब पाहिजे. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, २.१ ते २.६. दाब ठरावीक राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी उपसली की काटा साधारण अर्धा बार वर उडी मारतो. त्या नळीत पेट्रोलचा ओलावा दिसला तर आतला पडदा फाटलाय, पुढं काही मोजायची गरज नाही. गाडी बंद केल्यावर एका मिनिटानं दाब २ बारच्या वर राहिला पाहिजे.

नाही राहिला तर दाब परत चढवा, आणि पंप थांबताच गेजच्या अलीकडची, म्हणजे पंपाकडून येणारी रबरी नळी चिमट्यानं दाबा. काटा थांबला? मग पंपाच्या तोंडाशी असलेला, पेट्रोल मागं न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. दाब टिकत नसेल तर पंपाला दोष द्यायचा तो या एका ठिकाणी. तरीही पडतोय? मग पुढच्या फेरीत रिटर्नची नळी दाबा. थांबला तर रेग्युलेटर. दोन्ही दाबूनही पडतोय आणि बाहेर कुठं ओल नाही, तर एखादा इंजेक्टर टपकतोय. प्लग काढले की कोणता ते कळतं: तो एकच काळा, ओला असतो. चिमटा गुळगुळीत जबड्याचाच घ्या. वीस वर्षांची नळी पक्कडीनं दाबली की चिरते, आणि नायलॉनची नळी तर दाबायचीच नाही.

‘दुपट्टा टाका.’ कशावर? अॅम्बेसेडर, पद्मिनी, कार्ब्युरेटरची मारुती ८००, यांचा पंप इंजिनला चिकटलेला असायचा. तिथं हा उपाय चालायचा. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. लोक दुपट्टा टाकतात तो रेलवर. रेल गार झाली, वाफेचं परत पेट्रोल झालं, गाडी लागली. त्यातून दाब गळतोय एवढंच कळतं, कुठून ते नाही. वर पाणी कॉइलच्या कनेक्टरमध्ये गेलं तर नवी भानगड.

‘पाच बार पाहिजे.’ हा आकडा हवेतला नाही, फक्त दुसऱ्या गाडीचा आहे. पोर्शे ९११ मध्ये १९७३ पासून आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक या इंजेक्शन पद्धतीत इंजेक्टर सतत फवारतो, आणि तिथं सिस्टिमचा दाब साडेचार ते सव्वापाच बार असतो. आपल्या गाडीत संगणक इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो, आणि तीनच बार आहेत असं धरून ठरवतो. रिटर्न आवळून पाच केले की पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे सुमारे २९ टक्के जास्त. पिकअप वाटतो तो चार दिवस. मग काळा धूर, धुतलं गेलेलं इंजिन ऑइल, जळालेला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

रिटर्न दाबायची ती निदानासाठी, दोन-तीन सेकंद. मूळ दाब कमी असेल आणि दाबल्यावर काटा सरसर चढला, तर पंप ठीक, रेग्युलेटर उघडा राहतोय. चढला नाही तर फिल्टर, टाकीतली जाळी, वायरिंग आणि शेवटी पंप, या क्रमानं पाहा. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टच्या वर पडत असतील तर अर्थिंगचा गंज किंवा उंदरानं कुरतडलेली वायर शोधा. कोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास.

पिचकारीबद्दल जास्त लिहीत नाही. तापलेल्या, धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डवर तीन बारचं पेट्रोल उडवणं म्हणजे आग मागणं. किती पेट्रोल येतं ते बघायचंच असेल तर रिटर्नची नळी डब्यात सोडून, थंड इंजिनवर, उघड्या जागी पंप ३० सेकंद चालवा. अर्धा लिटरच्या वर आलं पाहिजे.

फिल्टरला हवा मारली की कागद फाटतो आणि धूळ पुढं इंजेक्टरमध्ये जाते. आपल्याकडं किराण्याच्या दुकानातून बाटलीतलं पेट्रोल टाकायची सवय आहे, त्यातला कचरा आधी टाकीतल्या जाळीत बसतो, मग फिल्टरमध्ये. नवा फिल्टर लावताना बाणाची दिशा इंजिनकडं ठेवा, आणि टाकी उघडलीच आहे तर जाळीही बदलून घ्या.