सहावी पास, आता पाचवीत

मुलगा सहावी पास होऊन पाचवीत गेला, ही बातमी सासूबाईंना फोनवर द्यायचं काम नवऱ्यानं माझ्यावर ढकललं. "आई तुझं ऐकते," म्हणाला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सासूबाई सांगलीला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. नापास झालेलं पोर आणि त्याची सारवासारव करणारी आई, दोन्ही त्या आवाजावरून ओळखतात. शिवाय घोळ आधीच मी घालून ठेवला होता. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही फ्रान्सात तुलूझला आलो, मुलाला शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा मी उत्साहानं कळवलं, "आई, कोलेझमध्ये ॲडमिशन झाली!" इथं माध्यमिक शाळेच्या पहिल्या चार वर्षांना कोलेझ म्हणतात, हे सांगायच्या आत फोन कट झाला होता. नातू अकराव्या वर्षी कॉलेजात गेल्याचं गल्लीत सगळ्यांना कळलं. दोन घरी तर पेढेसुद्धा गेले.

फ्रेंच शिकताना माझी खरी अडचण माझे कान. ते अजून मराठीतच ऐकतात.

ऑगस्टात शाळेच्या सामानाची यादी आली. मी सुपरमार्केटमध्ये वह्यांच्या रॅकपाशी यादी घेऊन उभी. बाजूची बाई पोराला विचारतेय, "काये?" पोरगं म्हणतंय, "काये." मी आपली बघतेय, नक्की काय आहे. घरी येऊन कळलं, काये म्हणजे वही. आमच्या यादीत अशा नऊ काये होत्या: चोवीस बाय बत्तीस सेंटिमीटर, शहाण्णव पानी, मोठ्या चौकटींच्या. या मोठ्या चौकटीत आणखी बारीक आडव्या रेघा असतात. चार रेघी, दोन रेघी आणि चौकटवही एकाच पानावर छापून टाकल्यासारखं ते दिसतं, आणि त्यावर इथली पोरं शाईपेननं लिहितात.

मग वेळापत्रक. गणिताला इथं म्हणतात 'ले मात'. माझ्यापुरतं हे नाव इतकं चपखल आहे, की पाठ करावं लागलं नाही. वर ते कायम अनेकवचनी. एक गणित पुरत नाही. इतिहास आणि भूगोल आपल्याकडे तो आणि तो, इथं ती आणि ती. दोघींचा तास एकच, बाई एकच, नावही एकत्रच घ्यायचं: इस्त्वार-झेओ. 'एसव्हेते' हा शब्द आठवड्यातून तीनदा दिसायचा. मला वाटलं, एखाद्या रशियन सरांचं नाव असेल. तो निघाला जीवशास्त्र आणि भूशास्त्राचा तास, आद्याक्षरांत गुंडाळलेला. 'अपेएस' म्हणजे पीटी. एवढी पाठांतरं करून मी मुलाला म्हटलं, "उद्या एसव्हेते आणि अपेएस आहे ना?" तो म्हणाला, "आई, उद्या बुधवार. दुपारी शाळाच नसते."

सगळ्यात महागात पडला तो 'कोल'. सामानाच्या यादीत कोलच्या चार कांड्या होत्या. कोल म्हणजे गोंद, हा शब्द मला आत्मविश्वासानं येत होता. मार्चमध्ये मुलगा मान खाली घालून म्हणाला, "गुरुवारी मला दोन तास कोल आहे." मला भरून आलं. चित्रकलेचा जादा तास! दप्तरात दोन नव्या कांड्या, रद्दीचे पेपर आणि शर्ट खराब होऊ नये म्हणून बाबाचा जुना टी-शर्ट कोंबला. कोल म्हणजे गोंद हे बरोबरच, पण शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर डांबून ठेवतात त्यालाही पोरं कोलच म्हणतात. बाकावर चिकटवून ठेवत असतील म्हणून. वर्गात बोलल्याबद्दल तो बसला होता, आणि पर्यवेक्षकासमोर दप्तरातून गोंद आणि टी-शर्ट निघाला. त्यानंतर आठवडाभर तो घरीही बोलला नाही, म्हणजे शिक्षा लागू पडली.

तर फोन.

"आई, सहावी झाली त्याची. आता पाचवीत जाईल."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी.

"कितीत उडाला?"

"उडाला नाही हो. इथं आकडे उलटे असतात. सहावी, पाचवी, चौथी, तिसरी. मग लिसे म्हणून दुसरी शाळा, तिथं दुसरी आणि पहिली."

"आणि पहिली झाली की? बालवाडी?"

"तेर्मिनाल."

"कुर्ल्याचं?"

"नाही हो. शेवटचं वर्ष. त्याच्या शेवटी बाक."

"म्हणजे एवढं सगळं करून पोराला शेवटच्या बाकावरच बसवणार?"

मी समजावलं, की बाक ही आपल्या बारावीसारखी परीक्षा, नेपोलियननं १८०८ साली सुरू केली, त्यात तत्त्वज्ञानाचा पेपर चार तास चालतो. शेवट गाठायला किती वर्षं उरली, ते इथं मोजतात. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आणि गुण?" मी म्हटलं, मातमध्ये वीसपैकी चौदा, इथं चौदाला चांगलं म्हणतात, बाकमध्ये सोळाला तर उत्तम शेरा मिळतो. "चौदा म्हणजे सत्तर टक्के," त्या म्हणाल्या. "उरलेले तीस कुठे सांडले?" प्रगतिपत्रकावरचा 'बाव्हार्दाझ' हा शेरा मी सांगितलाच नाही. त्याचा अर्थ बडबड, आणि उच्चारही इतका जवळचा, की त्यांना भाषांतर लागलं नसतं.

पाचवीच्या वर्षी इज्जत परत मिळवायची संधी आली. नव्यानं आलेल्या, फ्रेंच न येणाऱ्या मुलाला इथं 'आलोफोन' म्हणतात, आणि अशा मुलांना शाळेतर्फे देल्फ नावाच्या परीक्षेला बसवतात. एका शुक्रवारी फाटकाशी त्याच्या बाई हसत म्हणाल्या, "इल आ पासे ल देल्फ!" पासे! हा शब्द ऐकायला मी दीड वर्ष थांबले होते. घरी येऊन दुधाची पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे केले, बिल्डिंगमध्ये वाटले, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी कारण न विचारता तीन खाल्ले. सांगलीला फोन लावणार, तोच मुलगा आला. "आई, पासे म्हणजे फक्त परीक्षेला बसलो. निकाल महिन्यानं आहे." पास होण्याला इथं वेगळाच शब्द: रेउसिर. आता पास म्हणजे नुसतं बसणं, हे त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

महिन्यानं तो खरंच पास झाला, आपल्या अर्थानं. शंभरात पन्नास लागतात, त्याला एक्याऐंशी मिळाले. सासूबाई खूश झाल्या. "आता कितवीत जाणार?"

"चौथीत."

एवढं ऐकून त्यांचा आवाज एकदम बदलला. चौथी म्हणजे त्यांचं साम्राज्य. "मग मला काय सांगतेस, चौथी मी बघते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जुलैत पार्सल आलं. वर चकली, खाली बेसनाचे लाडू, आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, खाकी कव्हर घालून त्यावर नातवाचं नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं इयत्ता चौथी स्कॉलरशिपचं जुनं गाईड. आता पाच फूट चार इंच झालेल्या मुलानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं,

"काये?"