रूनस्केपचा बाजार कधी उठला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

साताऱ्याहून लिहिलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहितोय. रूनस्केप या ऑनलाइन खेळाबद्दलच्या, ‘रूनस्केप २००६-०७ मध्ये सगळ्यात भारी होता’ या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, त्यामुळे मला खेळ आठवत नाही, सोळावं वरीस आठवतंय. मी पैसे भरून कधी मेंबरच झालो नाही, म्हणजे निम्म्याहून जास्त खेळ पाहिलाच नाही, मग निकाल देणारा मी कोण? आणि २००७ चाच खेळ आज ओल्ड स्कूल रूनस्केप म्हणून धडधडीत चालू आहे, उलट सुधारलाय. तिथे जाऊन जुनी मजा येत नसेल तर बदललोय मी.

मधल्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मेंबर व्हायला महिन्याला पाच डॉलर लागायचे आणि ते भरायला क्रेडिट कार्ड. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात तेव्हा असं कार्ड कुणाकडेच नव्हतं. बॅरोज, कॅसल वॉर्स हे मेंबरांसाठीचे भाग मी दुसऱ्यांच्या स्क्रीनशॉटमध्येच पाहिलं. तेव्हा लढाया, क्वेस्ट म्हणजे मोहिमा, आणि मोठे बॉस यांबद्दल मी जे लिहिलं होतं, ते लिहायचा मला अधिकार नव्हता. ती वाक्यं लेखातून काढतो.

पण एक गोष्ट मी पोटभर पाहिली आहे. ती म्हणजे बाजार.

तुम्ही २०१३ नंतर आलात असं लिहिलंय, म्हणून जरा तपशिलात सांगतो. आमचा धंदा लॉबस्टरचा. मासेमारीची चाळिसावी पातळी आली की लॉबस्टर धरता येतात. पोर्ट सॅरिम बंदरातून काराम्जा बेटावर जायला तीस नाणी, यायला तीस. पिशवीत जागा अठ्ठावीस. त्यातली एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, राहिल्या सव्वीस. सव्वीस लॉबस्टर भरले की बोट, मग ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत चालत, माल ठेवला की परत. नेट कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही तिघं मित्र हे करायचो. दुपारी भारनियमन सुरू झालं की पिंजरा टाकलेलाच राहायचा.

चार-पाचशे नग साठले की खरा खेळ सुरू व्हायचा. वर्ल्ड १ या सर्व्हरवर व्हॅरॉक शहराच्या पश्चिमेकडच्या बँकेसमोर उभं राहायचं आणि ओरडायचं, म्हणजे टाइप करायचं. तिथे इतकी गर्दी असायची की अक्षरांवर अक्षरं चढायची, म्हणून लोक रंगीत, लाटेसारखी हलणारी अक्षरं लावायचे. कुणीतरी थांबायचं. भाव विचारायचं. आपण अडीचशे म्हणायचं, तो एकशे ऐंशी म्हणायचा, निघून गेल्यासारखं करायचा आणि परत यायचा. मग व्यवहाराची खिडकी उघडायची, डावीकडे आपला माल, उजवीकडे त्याचा. एकदा मान्य केल्यावर पुन्हा एक पडदा यायचा: नीट बघा, हेच देताय ना? त्या दुसऱ्या पडद्यावर माझी छाती धडधडायची.

फसवणारेही होतेच. चिलखताला सोनेरी काठ लावून देतो म्हणून एकाने माझं अख्खं चिलखत नेलं. तो दिवस मी सोनेरी मानत नाही. पण त्यानंतर मी माणसं ओळखायला शिकलो, आणि ओळखीची गिऱ्हाइकं जपायलाही.

आता तुमचा पहिला आक्षेप, सोळाव्या वर्षाचा. इथे मला आण्णांबद्दल सांगायला हवं. आण्णा म्हणजे कॅफेवाल्याचे मेहुणे. वय चाळिशीला टेकलेलं, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे. संध्याकाळी कॅफेत येऊन बसायचे. आमची घासाघीस पाठीमागून बघता बघता एक दिवस म्हणाले, ‘एवढा माल एकदम काढू नका रे, भाव पाडताय तुमच्याच हातानं.’ आठवड्याभरात त्यांनी स्वतःचं खातं उघडलं होतं.

त्यांना लढाईत काडीचा रस नव्हता. त्यांना कोडं पडलं होतं ते निराळंच: कच्चा लॉबस्टर शिजवलेल्यापेक्षा महाग का जातो? यार्डात शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळकुंडाला भाव असतो, इथे उलटं. दोन दिवस नुसते गिऱ्हाइकांना विचारत फिरले. मग उत्तर सापडलं. लोकांना खायला नको होता, शिजवायचा होता! स्वयंपाकाची पातळी वाढवायला कच्चा मालच लागतो, आणि चौऱ्याहत्तरावी पातळी येईपर्यंत काही नग करपतातच. म्हणजे लोक पैसे मोजत होते ते अनुभवाचे, पातळी वाढवणाऱ्या गुणांचे. हे उलगडल्यावर आण्णांचा चेहरा जसा झाला होता, तसा मी यार्डात सौदा जिंकलेल्या माणसाचाही पाहिलेला नाही.

आण्णांचं बालपण त्या खेळात नव्हतं. हाफपँटमधल्या आठवणी नव्हत्या, मित्रांची टोळी नव्हती. घरी दोन मुलं आणि दुकानाची वही होती. त्यांनाही तेच वर्ष भावलं, जे मला भावलं. म्हणून म्हणतो, ते नुसतं माझं वय नव्हतं.

आणि त्यांनी खेळ सोडला कधी, हे बघा. माझ्या लेखात मी सगळा दोष डिसेंबर २००७ पासूनच्या निर्णयांना दिला होता. खेळातलं सोनं खऱ्या पैशाला विकणारा, चोरीच्या कार्डांवर चालणारा काळाबाजार मोडायला खेळ बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने आधी वाइल्डरनेस या भागातल्या खेळाडूंमधल्या मारामाऱ्या बंद केल्या आणि जानेवारी २००८ पासून व्यवहारावर बंधन आणलं. दिल्या-घेतल्या मालाच्या किमतीत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक चालेना. नव्या पोराला महागातली तलवार फुकट देणंसुद्धा अडलं. त्याचा राग माझ्या मनात इतका होता की मी तारखा नीट लावल्याच नाहीत. तुमच्या प्रतिक्रियेमुळे परत लावून बघितल्या. बाजार त्याआधीच उठला होता. २६ नोव्हेंबर २००७ ला ग्रँड एक्स्चेंज, म्हणजे खेळातलं खरेदी-विक्रीचं केंद्र, आलं तेव्हा.

ग्रँड एक्स्चेंज सोयीचंच होतं, नाही कोण म्हणतं? माल टाकायचा, भाव लिहायचा, तोही ठरवून दिलेल्या भावाच्या पाच टक्के वर-खाली, आणि निघून जायचं. घेणाऱ्याचं नाव नाही, देणाऱ्याचं नाही. तीन आठवड्यांत पश्चिमेच्या बँकेसमोरचा आरडाओरडा थांबला. आण्णा काही दिवस येत राहिले. मग एकदा खुर्ची मागे सारून म्हणाले, ‘हितं आता गिऱ्हाईकच दिसंना. बोलायचं कुणाशी?’ पुन्हा त्यांनी लॉगिन केलं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत वाइल्डरनेस आणि मोकळा व्यवहार दोन्ही परत आले, बारा लाखांवर मतं पडून, त्यातली ९१ टक्के बाजूने. मी ही बातमी धावत जाऊन त्यांना सांगितली. त्यांनी विचारलं, बँकेसमोर माणसं उभी राहतात का? मी नाही म्हणालो. विषय संपला.

आता तुमचा तिसरा मुद्दा, सगळ्यात वजनदार. खेळाची ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत सापडली, ती परत आणावी का यावर साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ ला ओल्ड स्कूल सुरू झालं. त्या प्रतीत ग्रँड एक्स्चेंज नव्हतं. म्हणजे माझा बाजार परत यायला हवा होता, आणि पहिली दोन वर्षं थोडाफार आलाही. पण २०१५ मध्ये खेळाडूंनीच मत देऊन ग्रँड एक्स्चेंज पुन्हा आणलं. कुणी लादलं नाही. हे माझ्या म्हणण्याच्या आड येतं, आणि मी ते झाकून ठेवणार नाही.

मला त्याचं कारण हरिपुरात सापडतं. तुम्ही कधी संगमेश्वराला आला असाल तर तिथल्या हळदीच्या पेवांबद्दल ऐकलं असेल: जमिनीत खोल खणलेली कोठारं, ज्यांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. आण्णा सांगायचे, पेव फोडलं की हळद जशीच्या तशी निघते, रंगसुद्धा उतरत नाही. पण ज्या दिवशी भरली त्या दिवसाचा बाजार काही तिच्याबरोबर बाहेर येत नाही. २०१३ ला जॅगेक्सने पेव फोडलं. माल अस्सल निघाला. पण उतरलेल्या लोकांना तोवर प्रत्येक वस्तूचा हिशेब पाठ होता. तासाला किती अनुभव, कुठे उभं राहिलं की किती फायदा, सगळं. कच्चा लॉबस्टर महाग का, हे विचारत कुणी दोन दिवस फिरणार नव्हतं. मग ज्याला विचारायचंच काही नाही, त्याला समोरचा माणूस म्हणजे खोळंबाच वाटणार.

म्हणून माझं म्हणणं आता एवढंच उरतं, आणि त्यावर मी ठाम आहे: समोरासमोर व्यापार करणाऱ्यांसाठी रूनस्केप २६ नोव्हेंबर २००७ पर्यंत सर्वांत चांगला होता. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं खरं असेल. ओल्ड स्कूलमध्ये नवी भर घालायची की नाही हे खेळाडूंच्या मतावर ठरणं, सुरुवातीला तर ७५ टक्के मतं लागणं, हे आमच्या वेळी स्वप्नातही नव्हतं. त्याबद्दल मला तुमचा हेवा वाटतो.

एक विनंती. या रविवारी रात्री नऊला मी ओल्ड स्कूलमध्ये वर्ल्ड ३०१ ला असेन. ग्रँड एक्स्चेंजवर नाही, व्हॅरॉकच्या पश्चिमेच्या बँकेसमोर. पिशवीत सव्वीस लॉबस्टर असतील, कच्चे. भाव तिथेच बोलू.