मत न देणाऱ्यांना धमकावणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

निवडणूक जाहीर झाली की एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. वर तिरंगा, खाली 'दहा जणांना पाठवा' आणि मध्ये सहा मुद्दे. या वेळी तो आमच्या काकूला आला. काकू ७८ वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकरवर, राहते लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तिने फोन करून विचारलं, "मी मतदानाला गेले नाही तर माझी पेन्शन थांबवतील का रे?" आवाजात खरी भीती होती. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मत न देणाऱ्याच्या बँक खात्यातून ३५० रुपये कापणार आणि रेशन, पेन्शन, सरकारी योजना बंद करणार. मत न देणारे म्हणजे सुट्टी मिळाली की फिरायला पळणारे आळशी लोक. यादीत नाव नाही ही सबब चालणार नाही, कारण आधार कार्ड दाखवून कलम ४९ए खाली 'चॅलेंज व्होट' देता येतं. उमेदवार पसंत नसेल तर नोटा दाबा, नोटाला जास्त मतं पडली की निवडणूक रद्द होते. ऑस्ट्रेलियात मत न देणाऱ्याला दंड होतो, आपल्याकडेही तसंच हवं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ज्याने मत दिलं नाही त्याला तक्रार करायचा अधिकार नाही.

मी स्वतः प्रत्येक निवडणुकीत मत देतो आणि लोकांनी द्यावं असंच मला वाटतं. पण हा मेसेज मतदान वाढवत नाही. तो घाबरलेल्या माणसांना आणखी घाबरवतो, आणि तेही निखालस खोटं बोलून.

पैसे कापण्याचं आधी घेतो. ३५० रुपयांची ही 'बातमी' एका हिंदी दैनिकाने २०१९ च्या होळीला गंमत म्हणून छापली होती. तिचं कात्रण तारखेशिवाय फिरायला लागलं. ते खोटं असल्याचं निवडणूक आयोगाने जाहीर केलं, तरी पुढच्या निवडणुकीत ते परत आलं. मत न दिल्याबद्दल दंड करणारं एकही कलम लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणूक कायद्यात नाही. उलट लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ७९ मधला 'डी' खंड काढून वाचा. तिथे 'निवडणूकविषयक हक्क' कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे: उमेदवार म्हणून उभं राहण्याचा किंवा न राहण्याचा आणि मत देण्याचा किंवा मत देण्यापासून दूर राहण्याचा हक्क. म्हणजे मत न देणं हासुद्धा मतदाराचा हक्क आहे, असं कायदाच म्हणतो. २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्या निकालातून नोटाचं बटण आणलं, त्यातही याच खंडाचा आधार घेतला आहे.

आता याच कायद्याचं कलम १२३ पाहा. निवडणुकीतल्या भ्रष्ट आचरणांची ती यादी आहे. उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी मतदाराच्या निवडणूकविषयक हक्कात ढवळाढवळ केली, तर ते तिथे 'गैरवाजवी दडपण' ठरतं. तो हक्क म्हणजे कोणता? वर सांगितलेलाच, न जाण्याच्या हक्कासकट. तेव्हा 'आला नाहीत तर योजनेतून नाव काढू' असं उमेदवाराचा माणूस दारात येऊन सांगत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने दोष त्याचा आहे, घरी बसलेल्या बाईचा नाही.

आणि ही धमकी लोकांना खरी का वाटते, हे समजून घ्यायला हवं. मतदान केंद्रात शिरल्यावर पहिला अधिकारी तुमचं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्याने वाचतो. बाजूला बसलेले पक्षांचे पोलिंग एजंट आपापल्या यादीत त्या नावावर खूण करतात. मग डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते आणि १७ए या नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतात. तुम्ही कोणाला मत दिलं हे कोणालाच कळत नाही, पण आलात की नाही हे मात्र वस्तीतल्या कार्यकर्त्याला संध्याकाळपर्यंत माहीत असतं. दुपारनंतर 'अजून कोण राहिलंय' म्हणून माणसं घरोघर फिरतात ती त्याच खुणांवरून. त्यामुळे रेशनवर घर चालवणाऱ्या बाईला 'सरकारला सगळं कळतं' हे सहज पटतं. तिला कोणीतरी नीट सांगायला हवं की ती १७ए ची वही मतदान संपल्यावर सीलबंद होते. ती ना बँकेत जाते, ना रेशन दुकानात. रेशन अन्न सुरक्षा कायद्याने मिळतं, फॅमिली पेन्शन नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळते, आणि यातल्या कशाच्याही अटींमध्ये मतदान येत नाही. काकूला मी हेच दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आळशीपणाचा मुद्दा. यात काही अंशी तथ्य आहे, ते नाकारत नाही. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झालं, तर दक्षिण मुंबईत जेमतेम ५० टक्के. जंगलातून चालत केंद्रावर येणारी माणसं मत देतात, आणि ज्यांचं केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे त्यातले निम्मे जात नाहीत, याचा मलाही राग येतो. 'माझ्या एका मताने काय फरक पडतो' हे वाक्य मी सुशिक्षित घरांतच जास्त ऐकलं आहे.

पण एवढ्यावरून मत न देणाऱ्या सगळ्यांना एका पंगतीत बसवणं हा अन्याय आहे. २०२४ ला देशात जवळपास ९७ कोटी मतदार होते आणि मतं पडली सुमारे ६४ कोटी. उरलेले ३२-३३ कोटी लोक काय हॉटेल बुक करून बसले होते? डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानेच सांगितलं होतं की २०१९ ला ३० कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलं नाही आणि पोटासाठी स्थलांतर हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. त्यासाठी एकाच यंत्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं 'रिमोट व्होटिंग' यंत्रही आयोगाने पुढे आणलं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पण पक्षांचं एकमत झालं नाही आणि विषय तिथेच राहिला. म्हणजे नाव गावात आणि काम दुसऱ्या जिल्ह्यात अशा माणसाने आजही गाडीभाडं खर्चून गावीच यायचं.

ऊसतोड मजुरांचं घ्या. आपल्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. बीडच्या टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात त्याच सुमाराला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता घेऊन जोडपं कारखान्याच्या फडावर गेलेलं असतं. ते मतदानासाठी परत आलं नाही तर त्याला आळस म्हणायचं? वर्षातले निम्मे महिने पाचटात काढणाऱ्या माणसांना हा शब्द लावताना लाज वाटायला हवी.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५बी नुसार मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास मालकाला दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या किती वॉचमनना आणि घरकाम करणाऱ्या किती बायकांना ही सुट्टी खरोखर मिळते, हे आपल्या अवतीभवतीच विचारून पाहा.

शिवाय तुरुंगातली माणसं. त्याच कायद्याच्या कलम ६२(५) नुसार कैदेत असलेल्याला मत देता येत नाही, आणि यात नुसते आरोप असलेले, खटला चालू असलेले कच्चे कैदीही येतात. आपल्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सुमारे तीन चतुर्थांश आहेत. जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेला गरीब माणूस मतदान न करणाऱ्यांतच मोजला जातो.

काकूचंही असंच. घरून मतदानाची सोय आहे, १२डी फॉर्म भरून द्यावा लागतो, पण ती ८५ वर्षांवरच्यांना किंवा ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना. काकू ७८ वर्षांची आणि तिच्याकडे प्रमाणपत्र नाही. केंद्रावर रॅम्प आणि व्हीलचेअर असेलही, पण तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं यायचं?

आणि काही जण खरोखर ठरवून मत देत नाहीत. २०१९ ला ज्या चिन्हासमोर बटण दाबलं, तो पक्ष २०२२ मध्ये किंवा २०२३ मध्ये फुटला, आमदार समोरच्या बाजूला जाऊन बसले, आणि आपल्या मताचं काय झालं याचा हिशोब द्यायला कोणी आलं नाही. त्यानंतर 'आता मी जाणार नाही' म्हणणारा माणूस विचार करूनच तसं म्हणत असतो. मला त्याचा निष्कर्ष पटत नाही. मी त्याच्याशी वाद घालीन. पण त्याला आळशी म्हणणं म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकताच त्याला गप्प करणं झालं.

कलम ४९ए बद्दल सांगतो, कारण त्यापायी लोक मतदान केंद्रावर भांडणं करतात. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९ए हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. नाव नसलेल्या मतदाराचा त्यात उल्लेखही नाही. 'चॅलेंज' असतो तो ४९जे मध्ये, आणि तोही उलट्या बाजूने: रांगेतला माणूस खरा मतदार नाही असा संशय आला, तर पोलिंग एजंट दोन रुपये भरून त्याच्या ओळखीला हरकत घेऊ शकतो. यादीत नाव नसेल तर आधार, पासपोर्ट, काहीही दाखवा, मत देता येत नाही. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर ४९पी नुसार 'टेंडर' मतपत्रिका मिळते, पण ती पाकिटात बंद राहते, नेहमीच्या मोजणीत येत नाही. अशी मतं १४ टक्के झाली की फेरमतदान होतं, असंही या मेसेजच्या एका आवृत्तीत आहे. तसा कोणताही नियम नाही. या मुद्द्यामुळे होणारं नुकसान असं, की माणूस महिनाभर आधी नाव तपासत नाही आणि मतदानाच्या दिवशी आधार घेऊन हजर होतो. नाव नसेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, आणि हेल्पलाइन १९५०. हे मुदतीतच करावं लागतं.

नोटाचं एका दमात. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. २०२४ ला इंदूर लोकसभेत नोटाला २ लाख १८ हजारांहून जास्त मतं पडली. दोन्हीकडे निकाल लागला आणि विजयी उमेदवार सभागृहात गेला. नोटा पहिला आला असता तरी लोकसभा-विधानसभेत पुढच्या क्रमांकाचा उमेदवारच निवडून आला असता. मेसेजला थोडा आधार मिळतो तो फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये: आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे नोटाला सर्वाधिक मतं मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला.

ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे आणि दंड २० डॉलर आहे, हे खरं. पण मेसेज अर्धंच सांगतो. तिथे मतदान शनिवारी होतं, आपल्या राज्यातल्या कोणत्याही केंद्रावर मत देता येतं, आधी किंवा पोस्टानेही देता येतं, रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत पथकं जातात. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा भोगणारे कैदीसुद्धा मत देतात. एवढं केल्यावर ते सक्ती करतात. आपल्याकडे गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला, १०० रुपये दंड ठरवला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी विधि आयोगाने आपल्या २५५व्या अहवालात सक्ती नको असं सांगितलं.

राहिला तक्रारीचा अधिकार. माहिती अधिकाराचा अर्ज करताना तुम्ही मत दिलं होतं का, असं कोणी विचारत नाही. तो अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. कोर्टात जाताना विचारत नाहीत आणि दुकानात जीएसटी घेतानाही विचारत नाहीत. २०२४ मध्ये मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता, वीज आणि पाण्यासाठी लोकसभेच्या मतदानावर बहिष्कार टाकला. त्या गावांचं मत न देणं हीच त्यांची तक्रार होती, आणि एरवी न फिरकणाऱ्या प्रशासनापर्यंत ती पोचवण्याचा दुसरा मार्ग त्यांना उरला नव्हता. त्यांना तक्रारीचा अधिकार नाही असं म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या रस्त्याचं काय झालं ते सांगावं.