खुराड्याचं विमान : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या एल्व्हिंग्टनच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं एक हॅलिफॅक्स बॉम्बर विमान पुन्हा जुळवून ठेवलंय. त्यावरच्या माझ्या गेल्या लेखाखाली ‘रोखठोक’ या टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी पूर्ण देतो, म्हणजे कुणाला शोधत बसायला नको.

“लेख लांबलचक. रिकामटेकड्या गोऱ्या पेन्शनरांचा भंगाराचा छंद, त्याचं एवढं कौतुक कशाला? कोंबड्यांच्या खुराड्याला नवा पत्रा ठोकायचा, वर जुना नंबर रंगवायचा आणि ‘हेच ते विमान’ म्हणून लोकांना गंडवायचं, याला जतन म्हणत नाहीत. याच विमानांनी जर्मन शहरं जाळली ते सोयीस्कर विसरलात. आपल्याकडची विमानं उन्हात सडतायत, त्यावर लिहा.”

रोखठोक साहेब (की बाई? टोपणनावामुळे कळायला मार्ग नाही), लेख लांबला हे मान्य. फोटो कमी होते, हे तुम्ही म्हणाला नाहीत, पण तेही मान्य करून टाकतो. आता पुढचं.

मतभेदाला माझी कधीच ना नसते. या ब्लॉगवर लोकांनी माझी यथेच्छ सालटी काढली आहेत आणि त्यातल्या कित्येकांशी आता चांगली ओळख आहे. पण पाच-सहा वाक्यांत रिकामटेकडे, भंगार आणि गंडवणं एवढं सगळं बसवायचं म्हणजे मुद्दा मांडायचा नसून कुणाला तरी खाली बसवायचंय, असं वाटतं. गोरे पेन्शनर मराठी वाचत नाहीत, तेव्हा तो कुणीतरी मीच असणार.

असो. हे ‘रिकामटेकडे’ कोण असतात ते तरी बघा. लिंकनशायरमध्ये ईस्ट कर्कबी इथे फ्रेड आणि हॅरल्ड पँटन हे दोघे भाऊ कोंबड्यांची शेती करायचे. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर हॅलिफॅक्सवर होता. 30-31 मार्च 1944 च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गवरच्या हल्ल्यात तो मारला गेला. या दोघांनी 1983 साली एनएक्स611 क्रमांकाचं लँकॅस्टर, म्हणजे त्याच युद्धातलं दुसऱ्या जातीचं बॉम्बर, विकत घेतलं, आपल्याच जमिनीतल्या जुन्या धावपट्टीवर आणलं आणि तिथे संग्रहालय उभं केलं. आज त्या विमानाची चारही इंजिनं चालू होतात आणि ते जमिनीवर धावतं. याला छंद म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता तो पत्रा. तुमच्या प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगं हे एकच वाक्य आहे, म्हणून त्याच्यावर वेळ घालवतो.

मला पत्रा काय ते समजतं, हे आधी सांगून ठेवतो. आमचे अण्णा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा-पत्रा दुरुस्त करणारे, होते, लोहगावला, कॅनबेरा बॉम्बरवर. पत्रा बदलला की कागद लिहायचा, कागद नाही तर काम झालंच नाही, हे मी शाळेत पाढे पाठ करायच्या वयात ऐकलंय. आता यॉर्कशायरमध्ये राहतो आणि एका छोट्या संग्रहालयाच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी हात काळे करतो. तिथे एका जुन्या पंखाचा तुकडा टेबलावर येतो तेव्हा पहिलं काम रिवेटच्या डोक्यात बरोबर मध्यावर ड्रिल धरण्याचं. ड्रिल केसभर सरकलं तर भोक मोठं होतं आणि तो भाग वाया. पत्रा उचलला की आतल्या बाजूला मिश्रधातू फुगून पापुद्रे सुटलेले दिसतात. नखानं खरवडलं तरी पांढरी भुकटी पडते. वरून रंग मात्र शाबूत. असा पत्रा ‘अस्सल’ म्हणून परत बसवावा की नाही, हे घरी बसून ठरवणं सोपं असतं. शेडमध्ये मात्र निघालेल्या प्रत्येक तुकड्याला तारेनं चिठ्ठी बांधतात, फोटो काढतात, मगच नव्या पत्र्याला हात लावतात.

आणि तुमचं खुराडं. हो, ते खुराडंच होतं. 6,176 हॅलिफॅक्स बनली आणि युद्धानंतर जवळजवळ सगळी मोडीत निघाली. एचआर792 क्रमांकाच्या एका हॅलिफॅक्सला 1945 साली स्कॉटलंडमध्ये स्टॉर्नोवेला अपघात झाला. त्याच्या धडाचा एक भाग लुइस बेटावरच्या शेतकऱ्यानं घेतला आणि त्यात कोंबड्या पाळल्या. संग्रहालयानं त्याला पंख लावले ते हेस्टिंग्ज टीजी536 चे. हेस्टिंग्ज हे हॅलिफॅक्स बनवणाऱ्याच हँडली पेज कंपनीचं नंतरचं मालवाहू विमान. उरलेलं बरंचसं नव्यानं घडवलं. 13 सप्टेंबर 1996 ला, मुद्दाम शुक्रवार गाठून, ते एल्व्हिंग्टनच्या हँगरबाहेर काढलं, कारण रंग दिला होता ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (तेरा तारखेचा शुक्रवार) नावाच्या जुन्या हॅलिफॅक्सचा. मूळ ‘फ्रायडे’, म्हणजे एलव्ही907, 128 मोहिमा करून सुखरूप परतलेलं. युद्ध संपल्यावर ते लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर लोकांना दाखवलं आणि मग भंगारात घातलं.

यातलं लपवलंय काय? खुराडं, हेस्टिंग्जचे पंख, सगळं संग्रहालयच सांगतं. तुम्हालाही ते माझ्याच लेखातून कळलं! ‘हेच ते विमान’ असं अवतरण टाकून तुम्ही जे लिहिलंत, ते ना त्यांनी म्हटलंय ना मी. दुसऱ्याच्या तोंडी वाक्य घालायचं आणि मग त्याला खोटारडा ठरवायचं, याला गंडवणं म्हणतात, नाही का?

तुम्हाला हवंय तसं, एकही नवा पत्रा न लावलेलं हॅलिफॅक्सही आहे. डब्ल्यू1048. एप्रिल 1942 मध्ये टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करताना ते जायबंदी झालं आणि नॉर्वेतल्या गोठलेल्या होक्लिंगेन तलावावर उतरलं. पाय मोडलेला एक जण पकडला गेला, बाकीचे चालत स्वीडनला पोचले. विमान बर्फाखाली गेलं. 1973 मध्ये डायव्हरांनी ते वर काढलं आणि आज ते लंडनमध्ये हेंडनच्या संग्रहालयात तसंच मोडकं, गंजकं ठेवलंय. तिथे अर्धा तास उभं राहून मला बरंच काही कळलं, पण आत माणसं कशी वावरायची ते कळलं नाही. ते एल्व्हिंग्टनला कळलं. तिसरं, एनए337, नॉर्वेच्याच म्योसा तलावातून 200 मीटरहून जास्त खोलीवरून 1995 साली काढलं. कॅनडात ट्रेंटनला नेऊन जे वाचलं ते वापरलं, बाकीचं नवं केलं, 2005 ला पुरं झालं. एकाच जातीची तीन विमानं आणि तीन वेगळे निर्णय. तिन्ही मला पटतात, कारण तिघांनीही काय जुनं आणि काय नवं हे झाकलेलं नाही.

जुन्या विमानाच्या नुसत्या नंबरच्या पट्टीभोवती अख्खं विमान नवं बांधून विकणारे बाजारात आहेत, हे मीही जाणतो. पण तो नंबर खरा की खोटा हे शोधून काढतात कोण? हेच पेन्शनर. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर 27’ या मालिकेतली स्क्वाड्रनची रोजनिशी उघडून, कुठलं विमान कुठल्या रात्री कुणी उडवलं ते वैमानिकाच्या लॉगबुकशी ताडत बसतात. लढाईच्या काळात तर दोन मोडक्या विमानांतून एक धड विमान करून परत पाठवलं जायचं. त्या हिशेबानं 1940 मधलीही निम्मी विमानं तुम्ही बनावट ठरवाल.

जर्मन शहरांबद्दल : तो लेख विमान जुळवण्यावर होता, बॉम्बफेकीवर नव्हता. त्यावर वेगळं लिहिता येईल, इथे नको.

आपल्याकडच्या विमानांचं म्हणाल तर एक उदाहरण देतोच. आर4118 हे हरिकेन लढाऊ विमान 1940 साली लंडनच्या क्रॉयडनहून 605 स्क्वाड्रनकडून 49 वेळा लढायला उडालं. पुढे ते भारतात आलं आणि बनारस हिंदू विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवायला दिलं गेलं. शिकवून झाल्यावर आवारात उघड्यावर पडून होतं. 1982 मध्ये जुन्या रोल्स-रॉइस मोटारी शोधत फिरणाऱ्या पीटर व्हाचर या इंग्रजाच्या ते नजरेस पडलं. 2001 मध्ये ते त्याच्या हाती आलं आणि 23 डिसेंबर 2004 ला पुन्हा उडालं. दोन दशकं विद्यापीठाच्या दारात एकही रोखठोक माणूस फिरकला नाही. आणि हो, त्याच्या मागच्या धडावरचं कापड नवीन आहे. कापडच ते, 1940 मध्येही बदलायचेच.

गोव्यात दाबोळीजवळ नौदलाच्या संग्रहालयात सी हॉक, सी हॅरियर आणि एक फेअरी फायरफ्लाय ही जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत. तुम्ही जाऊन या, बघा आणि लिहा. मी इथे छापतो, लांबलचक असलं तरी.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. एक शब्दही गाळलेला नाही. शुद्धलेखन तेवढं सुधारलंय.