मुख्याध्यापकाची खुर्ची ‘प्रभारी’ ठेवून शाळेचे वातावरण सुधारणार नाही

जिल्हा परिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या शाळेत मुले घालणारे पालक आपसात बोलू लागले की इमारतीचा विषय लवकर संपतो. गळके छत, बंद नळ, मोडके बाक यांची तक्रार उघडपणे करता येते, तिचा फोटो काढता येतो, ती ग्रामसभेत मांडता येते. ज्याचा फोटो निघत नाही त्याविषयी मात्र पालक आवाज खाली आणून बोलतात. मुख्याध्यापक शाळेत असतात की नसतात, दोन शिक्षकांचे पटत नाही म्हणून तिसरीच्या वर्गाकडे कोणी लक्ष देत नाही, एखाद्या मुलाला सगळ्यांसमोर टाकून बोलले गेले आणि तेव्हापासून ते रोज सकाळी पोट दुखते म्हणते. माझी मुलगी अशाच एका सरकारी शाळेत शिकते आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून मी काही काळ काम केले आहे. त्या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की या कुजबुजीच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट असते. ती म्हणजे मुख्याध्यापकाचे पद रिकामे असते किंवा कोणाच्या तरी गळ्यात अतिरिक्त पदभार म्हणून अडकवलेले असते.

हे कसे घडते ते पालकांनी समजून घेतले पाहिजे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळण्यासाठी 150 हून अधिक पटसंख्येची अट आहे आणि सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी 100 हून अधिक पटाला पूर्णवेळ मुख्याध्यापक देण्याची तरतूद आहे. आपल्या ग्रामीण भागातील कितीतरी शाळांचा पट या आकड्यांच्या जवळपासही पोहोचत नाही. तिथे जो शिक्षक सेवाज्येष्ठ असेल त्याच्याकडे ‘चार्ज’ जातो. त्याच्या हाताखालचे वर्ग सुटत नाहीत, वेतनात मुख्याध्यापकाची श्रेणी मिळत नाही, सहकाऱ्यांना चार शब्द सुनावण्याइतका अधिकार आपल्याला आहे असे त्यालाही वाटत नाही आणि सहकाऱ्यांनाही वाटत नाही. शिवाय जिथे पद मंजूर आहे तिथेही पदोन्नतीची प्रक्रिया रेंगाळते, निवृत्तीनंतर खुर्ची रिकामी राहते आणि पुन्हा प्रभारीच येतो.

अशा प्रभारी मुख्याध्यापकांवर माझा राग नाही. मी त्यांचा दिवस जवळून पाहिला आहे. परिपाठ संपतो न संपतो तोच पोषण आहाराच्या ॲपवर आज किती मुले जेवणार याची नोंद करायची असते. ती होईपर्यंत परिसरातील शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो की अमुक माहिती दुपारी एकच्या आत पाठवावी, सोबत कोऱ्या रकान्यांचा तक्ता असतो. मग यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत भरायची माहिती, आधार जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, धान्याचा साठा, तालुक्याची बैठक. नेटवर्क मिळावे म्हणून एक प्रभारी मुख्याध्यापिका बाई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहून फोन वर धरत होत्या आणि त्यांच्या वर्गातली पस्तीस मुले मॉनिटरच्या भरवशावर पाढे घोकत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या बाई कामचुकार नव्हत्या. एका माणसाकडे दोन माणसांचे काम दिले होते आणि त्यातले जे काम वर दिसते तेच आधी होत होते, कारण तक्ता पाठवला नाही तर नोटीस येते आणि वर्ग घेतला नाही तर कोणी विचारत नाही.

याच कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदारयाद्यांच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच सांगितले आहे की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, शाळेच्या वेळेत देऊ नये. प्रत्यक्षात बीएलओचे, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादी तपासणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम आले की शिक्षक शाळेच्या वेळेत दारोदार फिरताना दिसतात आणि त्याला हरकत घेणारा, मुलांच्या बाजूने वरिष्ठांना लेखी कळवणारा मुख्याध्यापक जागेवर नसतो. खंबीर मुख्याध्यापक म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच उत्तर देईन की वरून आलेला प्रत्येक आदेश मुलांच्या वेळेवर आदळू न देणारा माणूस.

आता वातावरणाविषयी. हा शब्द पालक सहज वापरतात आणि अधिकारी तितक्याच सहज तो बाजूला सारतात, कारण तो कोणत्याही तपासणीच्या रकान्यात बसत नाही. पण वातावरण अगदी ठोस गोष्टींत दिसते. उशिरा आलेल्या मुलाला फाटकात काय ऐकावे लागते? लघवीला जायची परवानगी मागायला दुसरीतली मुलगी घाबरते का? शिक्षक एकमेकांविषयी मुलांसमोर कसे बोलतात? आडनावावरून किंवा वडिलांच्या कामावरून मुलाला हाक मारली जाते का? पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसते? ऊसतोडीहून हंगाम संपवून परतलेल्या कुटुंबातील मुलाला वर्गात पुन्हा सामावून घेतात की ‘हा काय, पाहुणा’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात? या प्रश्नांची उत्तरे मुख्याध्यापक दिवसातून दोनदा वर्गांवरून नुसती चक्कर मारत असेल तरी बदलतात. मी हे घडताना पाहिले आहे. एका वर्षी बदलून आलेल्या मुख्याध्यापिका रोज सकाळी फाटकापाशी उभ्या राहून मुलांना नावाने हाक मारत असत. त्यासाठी कोणताही निधी लागला नाही. काही आठवड्यांत शिक्षक वेळेवर येऊ लागले, कारण फाटकात बाई उभ्या असतात हे सर्वांना ठाऊक झाले होते, आणि पालक आपणहून थांबून दोन शब्द बोलू लागले. पुढे त्यांची बदली झाली. पद पुन्हा प्रभारी झाले आणि फाटकातले ते बोलणे थांबले.

बदल्यांचा हा फेरा हाही शाळेच्या नेतृत्वाचाच प्रश्न आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या वारंवार होणाऱ्या बदल्या हानिकारक असल्याचे म्हटले आहे आणि त्या थांबवण्याचे वचन दिले आहे. मुख्याध्यापकांनी दरवर्षी किमान 50 तासांचे प्रशिक्षण घ्यावे, त्यात नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा समावेश असावा, हेही त्याच धोरणात आहे. ज्याला पद कधी काढून घेतले जाईल हे ठाऊक नाही अशा प्रभारी शिक्षकाला हे प्रशिक्षण देऊन काय साधणार, याचा विचार धोरण राबवणाऱ्यांनी केला पाहिजे. नेतृत्व शिकवता येते यावर माझा विश्वास आहे, मात्र शिकलेले वापरण्यासाठी माणूस त्या शाळेत चार-पाच वर्षे टिकला पाहिजे.

पालक गप्प का बसतात, हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटते की सरकारी शाळेतले पालक उदासीन असतात. हे मला मान्य नाही. रोजंदारी बुडवून बैठकीला येणारी आई उदासीन नसते. ती बोलत नाही, कारण तिचे मूल उद्या सकाळी त्याच वर्गात त्याच शिक्षकांसमोर बसणार असते. तक्रार केली तर मुलावर राग निघेल ही भीती दर वेळी खरी असतेच असे नाही, पण ती निराधार आहे असे तिला सांगणारा, तिचे म्हणणे दार लावून शांतपणे ऐकून घेणारा आणि तिचे नाव बाहेर जाऊ न देणारा अधिकारी व्यक्ती शाळेत हवा असतो. मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे याला कलम 17 नुसार बंदी आहे आणि असे करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तरीही ‘एखादी चापट मारली तर काय बिघडले, आम्हीही मार खाऊनच शिकलो’ असे म्हणणारे पालक आणि शिक्षक दोन्ही बाजूंना आहेत. शाळेत नेमके काय चालेल आणि काय चालणार नाही हे मुख्याध्यापकाने स्पष्टपणे सांगावे लागते. त्याने सांगितले नाही तर प्रत्येक वर्गाचा कायदा वेगळा होतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरची घटना उघड झाल्यानंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांविषयीच्या सूचना कडक केल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात, सर्वांच्या नजरेसमोर टांगलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी टाकण्याचे धाडस कोणते मूल करील? पेटी कोणी उघडायची, कधी उघडायची आणि चिठ्ठीचे पुढे काय झाले हे कोणी पाहायचे, या सर्व गोष्टी शेवटी शाळेच्या प्रमुखापाशी येऊन थांबतात. प्रमुखच हंगामी असेल तर समित्यांची नावे भिंतीवरच्या फलकावर रंगवली जातात आणि काम तिथेच थांबते.

शाळा व्यवस्थापन समितीचेही असेच होत आले आहे. कलम 21 प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. आपल्याकडे मुख्याध्यापक तिचा सदस्य सचिव असतो आणि अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत. कागदावर पालकांना एवढा मोठा अधिकार क्वचितच कोणी दिला असेल. पण अनेक ठिकाणी इतिवृत्ताची वही सहीसाठी घरी येते. बैठक झालेली नसते, ठराव लिहिलेला असतो, आणि शेजारची सदस्य कणकेचे हात पुसून सही करते. समितीची सभा शाळेत बोलावली तरी ती दुपारी असते, म्हणजे मजुरीवर जाणाऱ्यांना येताच येत नाही. समग्र शिक्षा अभियानातून 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपयांचे संयुक्त अनुदान मिळते. त्यातून काय घेतले हे समितीतल्या किती जणांना सांगता येईल?

इथे कोणी म्हणेल की चांगला मुख्याध्यापक मिळणे हा नशिबाचा भाग आहे. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात जालिंदरनगर येथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. पट घसरल्याने ती बंद पडण्याच्या बेतात होती. मुख्याध्यापक आणि गावकरी यांनी मिळून ती उभी केली आणि 2025 मध्ये तिला जागतिक पातळीवरचा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. मला या शाळेचा मनापासून अभिमान वाटतो. मात्र अशा उदाहरणावरून शासनाने ‘बघा, इच्छा असेल तर होते’ असा निष्कर्ष काढला तर तो इतर हजारो शाळांवर अन्याय होईल. असामान्य माणसाची वाट पाहत बसण्याऐवजी सामान्य, प्रामाणिक शिक्षकालाही चांगला मुख्याध्यापक होता येईल अशी व्यवस्था करणे हे शासनाचे काम आहे. त्यासाठी 150 च्या खालच्या पटाच्या शाळांनाही, निदान जवळच्या दोन-तीन शाळांना मिळून, वर्गभार नसलेला एक मुख्याध्यापक द्यावा. मंजूर पदांची पदोन्नती शाळा सुरू होण्याआधी पूर्ण करावी. माहिती भरण्यासाठी केंद्रपातळीवर लिपिक द्यावा. आणि मुख्याध्यापकाचे मूल्यमापन करताना तक्ते किती वेळेत आले यापेक्षा मुले आणि पालक त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात का, हे पाहावे. हे पाहण्यासाठी विस्तार अधिकाऱ्यांनी शेरेपुस्तकात सही करून निघून न जाता अर्धा तास पालकांसोबत, शिक्षक उपस्थित नसताना, बसले तरी पुरे.

पालकांनाही माझी विनंती आहे. एकट्याने तक्रार करणे अवघड असेल तर चार-पाच जणांनी मिळून करा, पण लेखी करा आणि पोच घ्या. कोणा शिक्षकाविरुद्ध गावभर बोलण्याआधी समितीच्या सभेत विषय मांडा आणि तो इतिवृत्तात आला का ते वाचून मगच सही करा. तिथे काही झाले नाही तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत तिचा निकाल देणे बंधनकारक आहे, आणि निकाल मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. माझ्या परिचयातल्या बहुतेक पालकांना हे कलम ठाऊक नव्हते. तुमच्या शाळेतील मुख्याध्यापकाचे पद मंजूर आहे का, असल्यास ते कधीपासून रिकामे आहे आणि सध्या पदभार कोणाकडे आहे, एवढी माहिती गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा आणि मिळालेले उत्तर समितीच्या पुढच्या सभेत वाचून दाखवा.