‘जिमला जातच नाही, तरी फी का?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत. सेमिस्टरभर आत पाऊल टाकलं नाही तरी क्रीडा-फी भरावी लागली, संध्याकाळी आलात तेव्हा वजनं उचलण्याचा एकही रॅक (वजनाचा दांडा ठेवायची चौकट) मोकळा नव्हता आणि बाहेरचे सभासद तुमच्या पैशांवर व्यायाम करतात. विद्यापीठाचं हे क्रीडा केंद्र चालवण्याचं कंत्राट माझ्या कंपनीकडे आहे, म्हणून मीच उत्तर देतो आहे.

बाहेरच्या सभासदांचं आधी. त्यांची फी विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहे आणि ती देखभालीतच जाते. संध्याकाळी त्यांना प्रवेश नसतो. त्या वेळी कोणी बाहेरचं दिसलं तर काउंटरवर जरूर सांगा.

आता फी. ती एका फेरीचं तिकीट नाही, केंद्र उघडं राहावं यासाठी ती घेतली जाते. इथल्या पोहण्याच्या तलावात एक जण उतरो की पन्नास, पंप आणि फिल्टर चालूच ठेवावे लागतात, क्लोरीन आणि पीएच दिवसातून अनेकदा तपासावे लागतात, जीवरक्षक काठावर हवाच. पोहणारे निम्म्याने कमी झाले तरी यातला खर्च जवळपास तेवढाच राहतो. फी ऐच्छिक केली तर उरलेल्यांवर बोजा वाढेल, मग त्यांतलेही काही सोडतील. शेवटी ज्यांना खासगी जिम परवडलंच असतं तेच इथे दिसतील, आणि ज्याने आयुष्यात डंबेल उचललेलं नाही तो पहिल्या वर्षाचा मुलगा कधीच येणार नाही. मला त्याची काळजी जास्त आहे.

हा प्रयोग झालेलाही आहे. ऑस्ट्रेलियात २००६ च्या मध्यापासून विद्यापीठांना अशी सक्तीची फी घेता येईना, आणि अनेक ठिकाणी खेळ व इतर सुविधांना कात्री लागली. २०११ मध्ये पुन्हा कायदा करून सेवा-सुविधांची फी घेण्याची मुभा दिली गेली. तिथली एक तरतूद मला फार पटते: पात्र विद्यार्थ्याला ही रक्कम लगेच न भरता सरकारी कर्जात घालता येते. कॅनडातल्या ओंटारियोने २०१९ मध्ये बऱ्याच फी ऐच्छिक केल्या, पण क्रीडा आणि व्यायामाची फी सक्तीचीच ठेवली.

तरी तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. जो दूरशिक्षणाने शिकतो किंवा इंटर्नशिपसाठी सेमिस्टरभर दुसऱ्या गावी असतो, त्याच्याकडून ही फी घेऊ नये. जो येऊच शकत नाही आणि जो येत नाही, त्यांना एकच नियम लावणं अन्यायाचं आहे. फी किती आणि कोणाला माफ, हे विद्यापीठ ठरवतं, त्यामुळे परतावा देणं माझ्या हातात नाही. सवलतीची ही मागणी मात्र मी त्यांच्यापुढे मांडली आहे आणि मांडत राहीन.

संध्याकाळच्या गर्दीबद्दल: वर्ग सुटले की सगळे एकदम येतात, आणि दोन सेटच्या मध्ये मोबाइल बघत रॅक अडवणाऱ्यांमुळे रांग आणखी लांबते. म्हणून गर्दीच्या तासांत रॅकला वेळेची मर्यादा ठेवली आहे आणि ती पाळली जाते का हे बघायला एक प्रशिक्षक तिथेच उभा असतो. दुपारी जागा बरीच मोकळी असते. शिवाय याच फीतून बॅडमिंटन कोर्ट आणि रात्री दिवे असलेला चालण्याचा ट्रॅकही चालतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मिनिटं ट्रॅकवरही भरतात, त्यासाठी रॅकची वाट बघायला नको.

फीचा नियम बदलावा असं वाटत असेल तर विद्यार्थी परिषदेमार्फत लेखी अर्ज द्या. त्याला जोडायला आमच्या खर्चाचा तपशील हवा असेल तर कार्यालयात मागा, आम्ही देऊ.

– केंद्रचालक