इंटरनेट बंद करायला निघालेल्या साहेबांस

साहेब, अभिनंदन. वेबसाइट बंद करायचा अधिकार हाती आला, आता उशीर नको. पुढची कामं कशी करायची ते क्रमाने सांगतो.

सुरुवात डीएनएसपासून करा, कारण ते फुकटात पडतं. नाव सांगितलं की पत्ता देणारी ही यंत्रणा. इंटरनेट पुरवठादाराला एवढंच सांगायचं, 'या नावाने कुणी विचारलं तर इथे कुणी राहत नाही म्हणा.' घर जागेवरच राहतं, फक्त दारावरची पाटी जाते. २०१४ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानने ट्विटरची पाटी अशीच काढली. लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ हा पत्ता टाकला आणि ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांच्यासाठी भिंतींवर रंगवून ठेवला. डीएनएस बदलणं घरोघरी शिकवायचा याहून झटपट उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

मग डीएनएस जे देतं ते पत्तेच, म्हणजे आयपी पत्ते, अडवा. एका पत्त्यावर शेकडो वेबसाइट नांदत असतात, पण सुक्याबरोबर ओलं जळायचंच. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्रामवर बंदी घातली. टेलिग्राम ॲमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडमध्ये पत्ते बदलत पळू लागलं, म्हणून रशियाने क्लाउडचे पत्ते गठ्ठ्याने अडवले. आकडा दीड कोटीच्या वर गेला. त्याच क्लाउडवरची दुकानं आणि सेवा कोलमडल्या, टेलिग्राम चालूच राहिलं, आणि जून २०२० मध्ये बंदी उठली. तुम्ही मात्र धीर सोडू नका.

नाव जगभर व्हायला हवं असेल तर बीजीपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रणेला, हात घाला. राउटर एकमेकांना सांगत असतात, 'हे पत्ते माझ्याकडे, माल इकडे पाठवा.' सांगणारा खरं बोलतो का, हे मूळ रचनेत कुणी विचारत नाही. एकाच पत्त्यावर दोघांनी दावा सांगितला, तर ज्याचा गठ्ठा लहान त्याचं ऐकायचं, असा नियम. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब अडवायला हीच वाट धरली. यूट्यूबने /२२ म्हणजे १०२४ पत्ते जाहीर केले होते, यांनी त्यातलेच /२४ म्हणजे २५६ जाहीर केले. ही घोषणा देशातच राहायची होती. ती वरच्या पुरवठादाराकडे गळली, त्याने न चाळता पुढे ढकलली, आणि जगाचा यूट्यूबकडे निघालेला माल पाकिस्तानात येऊन पडू लागला, जिथे तो फेकून द्यायची चोख सोय केलेली होती. दुरुस्तीला दोनेक तास गेले. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग त्याचेही /२५ चे दोन तुकडे जाहीर केले, तेव्हा माल वळू लागला. तेव्हा साहेब, 'नो एक्स्पोर्ट'ची, म्हणजे 'ही घोषणा बाहेर जाऊ देऊ नका' अशी, खूण लावायला आवर्जून विसरा.

(एसएनआय, म्हणजे जोडणी होताना सांगितलं जाणारं वेबसाइटचं नाव, वाचून अडवणारी महागडी पेटीही मिळते. हे नाव उघडं जातं तोवर ती चालते. तेही कूटबद्ध झालं की पेटीवर चहाचा कप ठेवता येतो.)

बंदीने समाधान झालं नाही तर पाळतीकडे वळा. विक्रेता सांगेल, 'आमची यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे.' लगेच सही करा, गणित करत बसू नका. केलंतच तर ते असं होतं: १ कोटी लोकांत १०० गुन्हेगार. यंत्रणा त्यातले ९९ पकडते. उरलेल्या निरपराधांपैकी १ टक्का, म्हणजे जवळपास १ लाख, तेही पकडते. हजारभर इशाऱ्यांमागे खरा एक. एकेक तपासायला अर्धा तास धरला आणि १०० माणसं रोज ८ तास बसवली, तरी दोन महिने लागतात. तोवर नवे इशारे येऊन पडलेले असतात. निसटलेला एक गुन्हेगार कोणता, हे यंत्रणेला विचारू नये, तिला वाईट वाटतं.

शेवटची मागणी मागच्या दाराची: 'तुमच्या यंत्रणेत फक्त आम्हालाच उघडेल असं दार ठेवा.' अभियंते कुरकुर करतील, ग्रीसचं उदाहरण देतील. तिथल्या एका मोबाईल कंपनीच्या एक्सचेंजांत कायदेशीर टॅपिंगची सोय सॉफ्टवेअरमध्ये आलेली होती, पण कंपनीने ती सुरूच केली नव्हती. २००४ साली कुणीतरी आत शिरून ती परस्पर वापरली. शंभरावर फोन ऐकले गेले, खुद्द पंतप्रधानांचा त्यात. त्या लोकांनी आपले आदेश नोंदींत दिसू नयेत अशीही व्यवस्था केली होती. भांडं फुटलं ते २००५ च्या मार्चमध्ये, जानेवारीतल्या त्यांच्याच एका अपडेटमुळे एसएमएस पोचेनासे झाले म्हणून. ते कोण होते, हे तेव्हा कळलंच नाही.

अशा गोष्टी ऐकून तुम्ही म्हणाल, निदान माझा आणि मंत्र्यांचा नंबर तरी टॅपिंगमधून वगळा. जरूर वगळा. वगळलेल्या नंबरांची यादी त्याच सर्व्हरवर ठेवा, नावापुढे हुद्दाही लिहा. आत शिरणाऱ्याला कुणापासून सुरुवात करायची ते शोधत बसावं लागणार नाही.